झिजलेले दातेरी चाक

कला शाखेच्या विद्यार्थ्यापुढे यंत्राचा विषय काढला की त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि यंत्रावर काम करणाऱ्यापुढे कलेचा विषय काढला की तो जांभई देतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज खरा असता तर महाराष्ट्रात चित्रपट जन्मालाच आला नसता. ज्यांनी तो आणला ते छायाचित्रकार होते, चित्रकार होते, नाटकांचे पडदे रंगवणारे होते. आणि कॅमेऱ्याच्या पोटातली चाके समजून घेतल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय इतका मोठा नाही. तो आहे नऊ मिलिमीटर व्यासाचे एक पितळी चाक, त्याचे झिजलेले तीन दात, आणि ते घरच्या घरी पुन्हा कसे उभे केले याची हकिकत. पण लहान चाकाचा मोठ्या चाकाशी संबंध असतोच, म्हणून अधूनमधून मी थोडा इतिहासाकडेही वळणार आहे.

कॅमेरा माझ्या मोठ्याबाबांचा. आसेगाव व भोवतालच्या खेड्यांतली लग्ने, बारशी, शाळेचे निरोपसमारंभ, ओळखपत्रांचे फोटो, आणि भिंतीवर हार घालून लावलेले गेलेल्या माणसांचे फोटो, यांतले कितीतरी याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला; त्याआधीच्या फोटोंच्या पाठीवर मोठ्याबाबांच्या शिक्क्यात ‘जि. अकोला’ असे वाचायला मिळते. पुढे डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइल आले, आणि हा कॅमेरा कपाटात गेला. तो कपाटात गेला तेव्हाच त्याचा लिव्हर मध्येच ‘कर्र’ आवाज करून घसरत होता. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ असे सांगून तो परत केला होता.

मोठ्याबाबांना दुरुस्ती येते. त्यांच्या उमेदीच्या काळात गावात दुसरे कोण करणार होते? पण आता त्यांचे हात थरथरतात, आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झालेली आहे. म्हणजे त्यांना हे काम माहीत होते पण करता येत नव्हते. माझे हात स्थिर होते पण मला ते माहीत नव्हते. हे दोन्ही एका खोलीत असतानाच काम व्हायला हवे होते. कॅमेरा दुरुस्त करण्यामागचे माझे खरे कारण हेच. फोटो काढायला मोबाइल पुरेसा आहे, तो स्वस्तही पडतो. याबद्दल माझा कोणाशी वाद नाही.

चाके करतात तरी काय?

३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकांची रांग असते. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचे अंतर ४.७५ मिलिमीटर. कॅमेऱ्यात एक दातेरी रूळ असतो, त्याला स्प्रॉकेट म्हणतात. त्याचे दात या भोकांत बसतात आणि फिल्म पुढे ओढतात. बहुतेक कॅमेऱ्यांत स्प्रॉकेटला आठ दात असतात. आठ गुणिले ४.७५ म्हणजे ३८ मिलिमीटर. स्प्रॉकेटचा एक फेरा झाला की फिल्म बरोबर ३८ मिलिमीटर सरकते. चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर असते; उरलेले दोन मिलिमीटर म्हणजे दोन चित्रांमधली कोरी पट्टी. फोटोग्राफर लोक तिला ‘गॅप’ म्हणतात.

येथे कोणी विचारील की स्प्रॉकेटची गरजच काय? ज्या रिळावर फिल्म गुंडाळली जाते ते रीळच सरळ फिरवले तर? उत्तर सोपे आहे. फिल्म गुंडाळत जाते तसतसे रीळ जाड होते, आणि जाड रिळाचा एक फेरा बारीक रिळापेक्षा जास्त फिल्म ओढतो. पहिल्या चित्रापाशी गॅप दोन मिलिमीटर असेल, तर छत्तिसाव्या चित्रापाशी ती कितीतरी वाढलेली दिसेल. म्हणून मोजण्याचे काम स्प्रॉकेटचे आणि गुंडाळण्याचे काम रिळाचे, अशी वाटणी केलेली असते. रीळ थोडे घसरू शकेल अशा बेताने बसवलेले असते. स्प्रॉकेट जेवढी फिल्म सोडील तेवढीच ते घेते. शेतमाल मोजून देणारा एक आणि पोत्यात भरणारा दुसरा, तसाच हा प्रकार आहे.

लिव्हरपासून स्प्रॉकेटपर्यंत ही गती नेण्याचे काम दातेरी चाकांचे. मोठ्याबाबांच्या कॅमेऱ्यात लिव्हरच्या आसावर ५६ दातांचे पोलादी चाक आहे, आणि स्प्रॉकेटच्या आसावर २८ दातांचे पितळी चाक आहे. लिव्हर अर्धा फेरा फिरला की मोठ्या चाकाचे २८ दात पुढे जातात, लहान चाकाचा पूर्ण फेरा होतो, आणि फिल्म एक चित्र पुढे सरकते. सगळा हिशोब एवढाच आहे. तो पाठ झाला की पुढचे सारे आपोआप समजत जाते.

थोडा इतिहास

हा आठ भोकांचा हिशोब मुळात चित्रपटाकडून आला. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला चार भोके असतात, म्हणजे १९ मिलिमीटर. जर्मनीत ऑस्कर बारनाक याने तीच फिल्म आडवी धरून चित्र दुप्पट केले, आणि १९२५ साली ‘लायका’ हा कॅमेरा बाजारात आला. चाराचे आठ झाले ते असे. म्हणजे आपल्या घरातला जुना फोटोचा कॅमेरा हा सिनेमाच्या कॅमेऱ्याचा धाकटा भाऊ आहे.

थोरल्या भावाची ओळख महाराष्ट्राला फार लवकर झाली. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करीत. त्यांनी इंग्लंडहून चित्रपटाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, आणि येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली. त्या काळी फिल्म कोरी, भोकांवाचून येई. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम करीत. भोके व दात यांचे नाते किती काटेकोर असते हे ज्याला कळले, त्याला त्या माउलीच्या कामाचे मोल कळेल. एखादे भोक जरा इकडेतिकडे झाले तरी चित्र पडद्यावर उडी मारणार.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३७०० फूट सांगितली जाते. हाताने फिरवायच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यांत सामान्यतः हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रे घेतली जात, आणि एक फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे एका फुटाला दोन फेरे. या हिशोबाने ३७०० फुटांना ७४०० फेरे होतात, तेही वाया गेलेली फिल्म न धरता. कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग यांचा हात आणि आतली दातेरी चाके यांनी मिळून हे फेरे घेतले आहेत.

परंतु माझ्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण कोल्हापूरचे आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांचा जन्म १८९० चा. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपटाच्या वेडाने दोघे कॅमेरा स्वतःच बनवण्याच्या उद्योगाला लागले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास त्यांनी चालू शकणारा कॅमेरा उभा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. पुढे दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने या मंडळींचे नाव व्हेनिसपर्यंत नेले. आपण मराठीचे विद्यार्थी ‘संत तुकाराम’वर निबंध लिहितो, पण त्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक असलेल्या दामल्यांनी उमेदवारीच्या काळात कॅमेऱ्याच्या आतल्या भागांशी झुंज घेतली होती, हे आपल्या निबंधात क्वचितच येते.

झीज नेमकी कोठे आणि का होते?

दातेरी चाक सगळीकडून सारखे झिजेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात २८ पैकी २५ दात जवळजवळ नव्यासारखे होते. लगतचे तीन मात्र गेले होते: एक बुंध्यापासून तुटलेला, दोन झिजून शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कललेले. असे का व्हावे?

कारण वर दिलेल्या हिशोबातच आहे. चित्रागणिक चाकाचा बरोबर एक फेरा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी सुरुवात त्याच दातांपासून होते. स्थिर असलेली फिल्म हलवण्याचा पहिला झटका याच तीन दातांना बसतो. एकदा फिल्म सरकू लागली की पुढच्या दातांचे काम हलके असते. मोठेबाबा सरासरीने आठवड्याला दोन रोल वापरीत, आणि हा कॅमेरा त्यांनी वीस वर्षे वापरला. दोन रोलांची ७२ चित्रे, वर्षाचे ५२ आठवडे, वीस वर्षे: ७४,८८० झटके. पंच्याहत्तर हजार झटके त्याच तीन दातांनी सोसले. मोठे चाक अर्धा फेराच फिरते, म्हणून त्याचा आरंभ आलटून पालटून दोन जागी होतो. शिवाय ते पोलादी. ते शाबूत राहिले यात नवल नाही.

गिरणीच्या किंवा मोटारीच्या यंत्रात हे टाळण्यासाठी दातांची संख्या मुद्दाम एकमेकीला भाग न जाणारी ठेवतात. २८ ला ५६ ऐवजी ५७ दातांचे चाक जोडले, तर दर वेळी जोडी बदलते आणि झीज सर्वांत वाटली जाते. कॅमेऱ्याला ही सोय घेता येत नाही, कारण त्याला पूर्ण एक फेराच हवा. त्यात एका दाताचाही फरक चालत नाही. मी हे मोठ्याबाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “घरातबी असंच असते, बापा. पह्यला झटका एकालेच बसते.” यावर मी काही बोललो नाही. त्यांच्या पाच भावंडांत शाळा सोडून कामाला लागलेले पहिले तेच होते.

निदान

कॅमेरा उघडण्याआधी रोग ओळखला पाहिजे. मला वाटत होते की आतले ग्रीस सुकले असावे आणि थोडे तेल दिले की भागेल. मोठ्याबाबांनी बाटली बाजूला ठेवायला लावली. “तेल देऊन दात येत नसतात. अगोदर मोज, मंग बोल.”

मोजण्याची त्यांची रीत अशी. मुदत संपलेला एक रोल वाया घालवायला घ्यायचा. कॅमेऱ्याची पाठ उघडी ठेवून तो भरायचा. प्रत्येक वेळी लिव्हर ओढल्यावर चौकटीच्या डाव्या कडेशी फिल्मच्या पाठीवर मार्करने बारीक खूण करायची. रोल संपला की फिल्म बाहेर काढून खुणांमधली अंतरे मोजायची. सगळी अंतरे ३८ मिलिमीटर आली तर चाके चांगली आहेत.

आमच्या ३६ अंतरांपैकी २३ अंतरे ३८ मिलिमीटर भरली. नऊ अंतरे साडेछत्तीसच्या किंचित वर होती, आणि चार अंतरे सव्वापस्तीसच्या आसपास. ही तीनच मापे पुन्हापुन्हा यावीत याचा अर्थ काय? २८ दातांना ३८ मिलिमीटर, तर एका दाताला १.३६ मिलिमीटर. अडतीसातून १.३६ वजा केले की ३६.६४, आणखी एकदा वजा केले की ३५.२८. म्हणजे नऊ वेळा एक दात घसरला होता आणि चार वेळा दोन. सुकलेल्या ग्रीसमुळे किंवा घसरत्या रिळामुळे अंतरे कशीही आली असती; ठरावीक मापात कमी झाली नसती. कॅमेरा न उघडताच आम्हाला कळले की दात गेले आहेत, आणि गेलेल्या दातांची संख्या फार मोठी नाही. मला वाटते, इतिहासाच्या अभ्यासात आपण कागदपत्रांवरून जे करू पाहतो ते याहून वेगळे नाही.

उघडणे

येथे दोन सूचना आधी देतो. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच बसवलेला असतो तो घरी उघडू नये; त्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टचा दाब असू शकतो, आणि सेल काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. दुसरी सूचना: शटरच्या पात्यांना हात लावू नये आणि तेल तर मुळीच लावू नये. तेलाचा ओशटपणा आला की पाती एकमेकींना चिकटतात. आमचे काम वरच्या झाकणाखालचे होते. भिंगाकडे आम्ही गेलोच नाही.

परातीत पांढरे फडके अंथरले, म्हणजे उडालेला स्क्रू हरवत नाही. आईचा मसाल्याचा जुना डबा धुऊन पुसून घेतला. त्यातल्या सात वाट्यांत क्रमाने एकेका थराचे स्क्रू ठेवले: पहिल्या वाटीत झाकणाचे, दुसरीत लिव्हरचे, याप्रमाणे. जोडताना शेवटच्या वाटीपासून उलटे यायचे. प्रत्येक थराचा मोबाइलने फोटो घेतला. काही कॅमेऱ्यांत लिव्हरवरची टोपी उलट्या आट्यांची असते; सहज फिरत नसेल तर जोर न लावता दुसऱ्या दिशेने फिरवून पाहावे. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत अगदी घट्ट बसणारा हवा. घड्याळजीकडे मिळतो तो संच यासाठी उत्तम. मी मंगरूळपीरच्या एका घड्याळजीकडून तो व डोळ्याला लावायचे भिंग चार दिवसांसाठी मागून आणले.

चाक बाहेर काढण्यापूर्वी दोन्ही चाकांवर समोरासमोर सुईने बारीक ठिपका कोरला. मग ते काढले आणि पेट्रोलने धुतले. अर्थात अंगणात, चुलीपासून दूर.

माप

दातेरी चाकाचे सर्व माप एका आकड्यात बसते. त्याला मॉड्यूल म्हणतात. चाकाचा बाहेरचा व्यास घ्यायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने त्याला भागायचे. आमच्या चाकाचा व्यास ९ मिलिमीटर, दात २८. ९ भागिले ३० म्हणजे ०.३. या आकड्याला २२/७ ने गुणले की एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचे अंतर येते: ०.९४ मिलिमीटर. आणि सव्वादोनने गुणले की दाताची उंची येते: सुमारे ०.६८ मिलिमीटर. ज्वारीचा दाणा यापुढे राक्षस वाटावा!

हे आकडे हाती आल्यावर उपायांचा विचार केला. चाक उलटे करून बसवणे हा सर्वांत सोपा उपाय, कारण दाताची एकच बाजू झिजते; पण आमच्या चाकाला एका अंगाला कॉलर असल्याने ते उलटे बसत नाही. आणि तुटलेला दात उलटवून परत येत नाही हेही खरेच. थ्री-डी प्रिंटरवर असे चाक छापून घेता येते. परंतु साध्या प्रिंटरची रेघ इतक्या बारीक दातासाठी जाड पडते, आणि प्लास्टिकच्या दाताने हा झटका किती दिवस सोसावा याची शंका होती. अराल्डाइटने दात भरून तो घासणे, हा झटका सोसणाऱ्या चाकात टिकाऊ उपाय नव्हे. शेवटी घड्याळजी लोकांची जुनी रीत घेतली: गेलेल्या दातांची जागा कापून काढायची, तेथे पितळेचा नवा तुकडा बसवायचा, आणि त्याच तुकड्यातून दात कोरायचे.

दात बसवणे

पितळ एका जुन्या विजेच्या बटनातल्या पट्टीचे मिळाले. तिची जाडी चाकाइतकीच, सव्वा मिलिमीटरच्या आत. चाकाच्या कडेवर तीन दातांच्या जागी सुमारे तीन मिलिमीटर रुंद व दीड मिलिमीटर खोल अशी खाच सोनाराच्या बारीक कानशीने घातली. ती आत रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवली, म्हणजे बसवलेला तुकडा बाहेर ओढला जाणार नाही. तुकडा तिच्या मापाने घासला. तो खाचेत बोटाने न जाता हलक्या ठोक्याने गेला पाहिजे. या एका गोष्टीला पूर्ण संध्याकाळ लागली. मोठेबाबा खुर्चीवर बसून नुसता कानशीचा आवाज ऐकत होते. आवाज वेगाने येऊ लागला की म्हणत, “कानस घाई करत नाही, तू काहून करतं?”

तुकडा बसल्यावर राळ लावून कथलाच्या सोल्डरने झाळला. येथे आम्लाचे फ्लक्स वापरू नये; त्याचा अंश राहिला तर पितळ पुढे खात जातो. सोल्डर दोनशे अंशांच्या आत वितळते, तेव्हा पितळ मऊ पडण्याची भीती नसते. थंड झाल्यावर वरखाली आलेले सोल्डर घासून तुकडा चाकाशी सपाट केला.

आता मुख्य काम. चाकाचा मोबाइलवर जवळून फोटो घेतला आणि तो दहापट मोठा छापून घेतला. चांगल्या दातांचा आकार पारदर्शक कागदावर उतरवून तोच कागद तुकड्याच्या जागी सरकवला. त्यावरून दात कोठे यावेत हे निश्चित झाले. तुकड्यावर मार्करची शाई लावून सुईने दोन खाचांच्या मध्यरेषा ओढल्या. तीन दातांसाठी तुकड्याच्या आत दोन खाचा आणि दोन टोकांना शेजारच्या दातांशी जुळणाऱ्या दोन अर्ध्या खाचा लागतात. प्रत्येक खाच आधी अरुंद घालून हळूहळू रुंद केली. पाच-सहा वेळा कानस फिरली की थांबायचे, भिंगातून पाहायचे, मोठ्या चाकाशी जुळवून पाहायचे.

जुळवून पाहण्यासाठी मोठ्याबाबांनी काजळाची डबी मागवली. मोठ्या चाकाच्या दातांना काजळाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि दोन्ही चाके एकमेकांत फिरवायची. नव्या दातावर जेथे काळे लागेल तेथे तो अडतो आहे. तेथेच एकदा कानस फिरवायची. काळा डाग दाताच्या मध्यावर लांबट दिसू लागला की काम झाले. असे तीन संध्याकाळी चालले. तिसऱ्या संध्याकाळी चाके अडखळल्याशिवाय फिरली.

अर्धा फेरा

जोडताना एक विचार सुचला. नवे दात झाळलेले आहेत. मूळ दातांइतके ते बळकट नाहीत. मग पहिला झटका त्यांनाच का द्यावा? हे चाक चौकोनी आसावर बसते, म्हणजे ते चार प्रकारे बसवता येते. २८ ला चाराने भागले की सात. पाव फेऱ्याने दात पूर्ण सातांनी सरकतात आणि मोठ्या चाकाशी असलेली जुळणी बिघडत नाही. आम्ही चाक अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे चौदा दातांनी फिरवून बसवले. आता आरंभाचा झटका समोरच्या बाजूच्या ताज्या दातांना बसतो, आणि नवे दात फिल्म वाहती झाल्यावर मध्यावर कामाला येतात. मोठ्याबाबांनी दोनदा विचारून घेतले, बोटाने हवेत फेरा काढून पाहिला, आणि म्हणाले, “हे म्या कधी केलं नव्हतं.” त्यांच्या तोंडून हे ऐकणे मला परीक्षेच्या निकालाहून मोलाचे वाटले.

आसाला सुईच्या टोकावर मावेल एवढे घड्याळाचे तेल, दातांना ग्रीसचा नावापुरता हात, एवढेच वंगण दिले. झाकण बसवले. मसाल्याच्या डब्यात एकही स्क्रू उरला नाही.

वाया घालवायच्या रोलवर पुन्हा खुणा केल्या. ३६ अंतरे, सर्व ३८ मिलिमीटर. त्यानंतर कृष्णधवल फिल्मचा खरा रोल घातला. मोठेबाबा पूर्वी ‘इंदू’ वापरीत. ती बनवणारी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी आता बंद झाली आहे. त्यामुळे रोल बाहेरून मागवावा लागला, आणि सबंध दुरुस्तीपेक्षा त्याचाच खर्च कितीतरी जास्त झाला. या रोलवर मी आसेगावातल्या वृद्ध माणसांचे फोटो काढले. त्यांतल्या अनेकांच्या लग्नाचे फोटो याच कॅमेऱ्याने घेतलेले होते. फिल्म रात्री न्हाणीघरात धुतली. सकाळी मोठ्याबाबांनी वाळलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. चेहऱ्यांकडे त्यांनी नंतर पाहिले. आधी दोन चित्रांमधल्या कोऱ्या पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या.

यातून घ्यायचे ते

प्राध्यापकांना व मित्रांना शेवटी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की जुने यंत्र लपवाछपवी करीत नाही. झाकण काढले की कोण कोणाला ढकलतो, कोण किती झिजला, हे डोळ्यांना दिसते आणि पट्टीने मोजता येते. आजच्या बंद वस्तूंत हे शिक्षण मिळत नाही. ज्याच्या घरी जुने शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, टेपरेकॉर्डर किंवा कॅमेरा असेल, त्याने तो भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडावा. दुरुस्त न झाला तरी समजेल तरी नक्कीच.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. चाकाचे सुटे भाग मिळत नाहीत ही अडचण मोठी नाही. पितळ, कथील आणि कानस आजही मिळते. मिळेनासे होत आहे ते खुर्चीवर बसून कानशीचा आवाज ऐकणारे माणूस. कोणत्या आवाजाला थांबायचे, काळा डाग कोठे दिसला पाहिजे, तेल केव्हा द्यायचे नाही, हे पुस्तकात कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्या प्रत्येकाच्या गावात असे एखादे मोठेबाबा आहेत: कोणी शिवणयंत्र जाणतो, कोणी पेटीचे सूर लावतो, कोणी गाडीचे चाक बसवतो. त्यांच्याकडे जायला मोठी सुट्टी लागत नाही. माझे काम चार दिवसांत आणि शंभर रुपयांच्या आत झाले, रोलाचा खर्च सोडून. हा लेख वाचून एखाद्याने यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत असे काही उघडून पाहिले, तर पुढच्या अंकात त्याची हकिकत वाचायला मी उत्सुक आहे.